शिंपलेबाईंची हाक

विज्ञानाच्या बाईंना सगळी शाळा शिंपलेबाई म्हणायची. त्यांच्या पर्समधून किल्ल्यांच्या आधी शंख बाहेर पडत. बाई पट्टीच्या पोहणाऱ्या, पण तितक्याच भित्र्या. "ही आंघोळीच्या बादलीलासुद्धा आधी विचारून घेते, खोल आहेस का म्हणून," असं नवरा चारचौघांत सांगायचा आणि बाई डोळे वटारायच्या.

समुद्री जीवांचा धडा आणि पाण्यातली सुरक्षितता एकत्र शिकवायचा कार्यक्रम त्यांनी आखला, तो या भीतीपोटीच. खडकांतल्या डबक्यात वाकून बघणाऱ्या मुलाची पाठ समुद्राकडे असते, हे त्यांच्या जिवाला खात होतं. म्हणून त्यांनी मुलींच्या जोड्या लावल्या. एकीने डबक्यात बघायचं, दुसरीने फक्त समुद्राकडे. मोठी लाट दिसली की शिट्टी, आणि शिट्टी वाजली की हातातलं टाकून वर पळायचं.

पहिल्या फेरीला सातवीतल्या मोजक्याच मुली नेल्या. ओहोटी होती, सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात खालच्या कपारीत बाईंना निळी समुद्री गोगलगाय दिसली. आजवर फक्त पुस्तकात पाहिलेली! बाईंचं भानच सुटलं.

"अगं या, या! सगळ्या या, लवकर!"

पहाऱ्यावरच्या मुलीही धावल्या. का नाही धावणार? खुद्द बाईंनीच बोलावलं होतं. एकटी तेवढी जागची हलली नाही.

"तुला वेगळं आमंत्रण हवंय का गं?" बाई खेकसल्या.

"माझी जोडीदारीण खाली आहे ना, बाई," ती मागे न बघता म्हणाली. आणि लगेच तिची शिट्टी वाजली.

सगळ्या जीव मुठीत धरून वर पळाल्या. लाट कपारीवरून गेली. बाईंनी मुली मोजल्या, पुन्हा मोजल्या. सगळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्ख्या वर्गासमोर त्या मुलीची पाठ थोपटली.

पण मनातून ती हाक काही जाईना. समुद्राची भीती जुनीच होती. आता बाईंना स्वतःच्या आवाजाची धास्ती बसली. त्यांनी नवा नियम घातला : पहाऱ्यावरच्या मुलीने कुणाचंच ऐकायचं नाही, बाईंचंसुद्धा.

"आमचं ऐकू नका, हे वेगळं शिकवावं लागतं होय?" मुख्याध्यापक हसले. बाईंना हसू आलं नाही. पुढच्या आठवड्यात सगळा वर्ग खडकांवर जायचा होता.

मैदानावर खडूची रेघ ओढून सराव सुरू झाला. रेघेपलीकडे समुद्र. बाईंनी मागून गोड हाक मारली, आणि सर्वांत आधी वळली ती तीच मुलगी. शाबासकी मिळाल्यापासून ती बाईंचा शब्द खाली पडू देत नव्हती.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

पुन्हा ती वळली. बाई रागावून बघत, लाडीगोडी लावून बघत, घसा बसेपर्यंत हाका मारत राहिल्या. शेवटी त्यांनी बाकीच्या मुलींना घरी पाठवलं आणि त्या किंचाळल्या, "अगं, मी पडले! धाव!"

मुलीने शिट्टी छातीशी धरली. ती हुंदके देत होती, पण वळली नाही. मागे बाईंचेही डोळे वाहत होते. तिला जवळ घ्यायला मात्र त्या पुढे झाल्या नाहीत.