नववं पुस्तक बाहेर आहे

मिस ओर्लीन टॅकेट यांनी आमच्या शाळेचं वाचनालय एकतीस वर्षं सांभाळलं, आणि त्यातली एकोणीस वर्षं मी त्यांना खळ करून दिली. पुस्तकांच्या पाठी उसवल्या की विकतचा डिंक त्यांना चालायचा नाही. शाळेतल्या माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "ड्रेमा, मूठभर मैदा उकळ गं, चार आजारी आलेत." आजारी म्हणजे पुस्तकं. दुपारपर्यंत ती बरी होऊन उन्हात वाळत पडलेली असायची, आणि बाईंच्या बोटांवर खळीचे पापुद्रे.

आमच्या बक लिक गावात कॉलेजचं तोंड पाहिलेल्या त्या पहिल्याच. वडील लाकडाच्या गिरणीत, तीन बोटं गमावलेले. आई अंथरुणाला खिळली म्हणून बाई टेनेसीच्या या डोंगरात परत आल्या आणि इथेच राहिल्या. एकाशी लग्न ठरलं होतं. तो मोटारींच्या कारखान्यात कामाला म्हणून उत्तरेला गेला, तो गेलाच. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, गावाला सगळं ठाऊक होतं. चर्चमध्ये सव्वीस वर्षं त्यांनी रविवारी मुलांना बायबल शिकवलं. मलाही शिकवलंय. त्यांचं स्वतःचं बायबल माझ्याच खळीवर तगलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे काही लोक त्यांना अधर्मी म्हणाले.

त्या वर्षी पोरांना मिठाच्या दरवाजाचं वेड लागलं. नऊ पुस्तकांची एक गोष्ट होती. त्यातली मुलगी उंबरठ्यावर चिमूटभर मीठ टाकते, मनात एक नाव घेते, आणि रोजचंच दार भलत्याच राज्यात उघडतं. पुस्तक म्हटलं की ज्यांच्या पोटात दुखायचं ती कार्टी वाचनालयाबाहेर रांग लावायला लागली. माझ्या टेबलांवरच्या मिठाच्या बाटल्या सोमवारी भराव्यात तर मंगळवारी रिकाम्या. वर्गाच्या उंबऱ्यावर मीठ, बसच्या पायरीवर मीठ, मुख्याध्यापकांच्या दारात तर चांगली रेघ.

"अरे, शाळा खारवून ठेवताय की काय हिवाळ्यासाठी?" मी ओरडायची.

"मिस ड्रेमा, तुमचं दार अजून नाही उघडलं?" पोरं मलाच विचारायची आणि पळायची.

हसायचे दिवस तेवढेच. सप्टेंबरात एका आईला तिच्या मुलाच्या खोलीच्या दारात मीठ सापडलं, आणि मूल डोळे मिटून काहीतरी पुटपुटत बसलेलं. ती रडत आमच्या चर्चच्या पाळकांकडे गेली, ब्रदर डेनव्हर प्रुइट यांच्याकडे.

ब्रदर डेनव्हर वाईट माणूस नव्हेत. माझा नवरा आर्विल छातीच्या रोगानं गेला तेव्हा हा माणूस तीन दिवस त्याच्या उशाशी बसला होता, त्याचं तोंड पुसत. पण त्या रविवारी ते व्यासपीठावर उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "पुस्तकात जादू असते असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, लेकराला दार ठोठावायची सवय लागते. पलीकडून कोण उघडेल, ते लेकराला कुठे माहीत?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. मागच्या बाकावर कुणीतरी आपल्या मुलाला जवळ ओढून घेतलं. बायबलमधला, इफिस शहरातल्या लोकांनी जादूची पुस्तकं सर्वांसमोर जाळली तो भाग त्यांनी वाचला, आणि जाहीर केलं की ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी, चर्चच्या अंगणातल्या जेवणानंतर, आपणही तसंच करू. त्यांची अकरा वर्षांची मुलगी केझाया पहिल्या बाकावर बसली होती. तिची मान ताठ होती, इतकी ताठ की मला वाटलं पोरगी आजारी आहे.

गुरुवारी मी खळ घेऊन वाचनालयात गेले तर ब्रदर डेनव्हर तिथे टोपी हातात धरून उभे. शाळेच्या समितीनं पुस्तकं त्यांच्या हवाली करायला मान्यता दिली होती.

"मिस ओर्लीन, आठ आहेत ही. नववं?"

"बाहेर आहे."

"कुणाकडे?"

"ते मी सांगत नसते."

"पुस्तकामागच्या कार्डांवर मुलांच्या सह्या असतात ना? ती सोमवारी मला द्या. आईबापांना कळायला हवं. तुम्हाला त्रास द्यायचा नाही मला, तुम्हीच तर माझ्या केझायाकडून बायबलातला उत्पत्तीचा पहिला अध्याय पाठ करवलात."

"करवला," बाई म्हणाल्या. "पण मुलानं काय वाचलं, ते त्या मुलाचं आणि पुस्तकाचं, ब्रदर डेनव्हर. त्यात मीसुद्धा नाही."

ते गेल्यावर बाईंनी खण उघडला, कार्डांचा गठ्ठा काढला आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात आल्या. मोठ्या तसराळ्यात मी भांड्यांसाठी साबणाचं गरम पाणी काढून ठेवलं होतं. त्यांनी सगळी कार्डं त्यात सोडली आणि माझ्या लाकडी पळीनं ढवळायला लागल्या. शाई पाण्यात उतरत होती. मी बघायला नको होतं, पण माझ्याच तसराळ्यात मी बघणार नाही तर कोण? केझाया प्रुइट, केझाया प्रुइट. प्रत्येक कार्डावर, गोल गोल अक्षरांत.

"नववं तिच्याकडे आहे?" मी विचारलं. "त्यांच्याच घरात?"

बाईंचा हात थांबला. "शेवटची तीसेक पानं राहिलीत म्हणाली. सोमवारी आणून देते म्हणाली. ड्रेमा, तू काही पाहिलं नाहीस."

"नाही पाहिलं," मी म्हणाले.

आता प्रार्थनेच्या साखळीबद्दल सांगायला हवं. आमच्या चर्चची बारा घरांची साखळी आहे. कुणाला प्रार्थना हवी असली की त्यानं खालच्या घरी फोन करायचा, त्यानं त्याच्या खालच्या घरी, असं शेवटपर्यंत. एकदा म्हाताऱ्या हर्शेलच्या हर्नियासाठी निघालेली प्रार्थना बाराव्या घरी पोचेस्तोवर हर्शेल वारला होता, आणि दुपारी सातजणी चिकनची भांडी घेऊन रडत त्याच्या दारात. दार हर्शेलनंच उघडलं. भांडी सगळी ठेवून घेतली मेल्यानं. तेव्हा मीच सभेत उठून सुचवलं की बाराव्यानं आपल्याला आलेला निरोप, तो सुरू करणाऱ्याच्या नावासकट, पहिल्या घरी परत सांगायचा, म्हणजे काही भर पडली असेल तर कळेल. पहिलं घर पाळकांचं, फोन त्यांची बायको लॅव्होन घेते. सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं. मीही हुरळून गेले होते.

शुक्रवारी बाई जेवल्या नाहीत. खळीची वाटी तशीच वाळून गेली. त्यांचा तो पडलेला चेहरा मला बघवेना. देवाशपथ सांगते, माझ्या मनात त्यांच्याबद्दल मायाच होती. घरी येऊन मी नवव्या घरी फोन लावला. माझं आठवं.

"मिस ओर्लीनसाठी प्रार्थना करा," मी म्हणाले. "त्यांच्या मनावर मोठं ओझं आहे."

"कसलं गं?"

इथे गप्प बसता आलं असतं. पण ठाऊक असलेली गोष्ट जिभेवर वळवळते, आणि मला वाटलं निरोप खालीच जाणार आहे, चारच तर घरं, सगळी देवमाणसं. मी म्हणाले, "पाळकांच्या घरातल्या लेकराचं. ते एक पुस्तक सुखरूप परत येऊ दे म्हणावं."

फोन ठेवला, सफरचंदं सोलायला घेतली. तिसरं सोलताना माझा हात थांबला. बारावं घर कुठे फोन करतं ते मला आठवलं. धावत जाऊन नवव्या घरी फोन लावला, लाईन गुंतलेली. दहाव्या घरी, गुंतलेली. अकराव्या घरी, गुंतलेली. मग मी खुर्चीवर बसले आणि माझाच फोन वाजला.

"ड्रेमा," लॅव्होन म्हणाली. निरोप तिनं शब्दन् शब्द म्हणून दाखवला. आयुष्यात पहिल्यांदाच साखळीत एक अक्षर बदललं नव्हतं. "बरोबर पोचलाय ना?"

मला हो म्हणावं लागलं. पलीकडे तिनं फोन न ठेवता नुसताच बाजूला टाकला असावा, कारण मला पियानोजवळचा पेटीसारखा स्टूल, ज्यात केझाया आपल्या वह्या ठेवायची, तो सरकल्याचा आवाज आला आणि त्याचं झाकण उघडल्याचा.

तिसऱ्या रविवारी ऊन छान होतं. अंगणात लांब टेबलं, चिकन, घेवडा, मक्याचा पाव, माझा अ‍ॅपल पाय. कुणी फारसं बोलत नव्हतं. पोरं एरवी टेबलांखालून धावतात, त्या दिवशी आयांना चिकटून बसली होती. कुंपणाजवळ लोखंडी पिंप पेटवलेलं होतं आणि त्याचा धूर जेवणावर येत होता, तरी टेबलं हलवायचं कुणाला सुचलं नाही.

शाळेची आठ आणि लोकांनी घरून आणलेली पुस्तकं पिंपात टाकून झाल्यावर ब्रदर डेनव्हर केझायाला पुढे घेऊन आले. तिच्या हातात नववं होतं, मधे हिरव्या फितीची खूण. त्यांचे स्वतःचे डोळे भरले होते. "बाळा, हे तुला कुणी दिलं ते सांग. मग मन हलकं होईल."

केझायानं पुस्तक छातीशी धरलं. ते पुन्हा म्हणाले. ती पिंपाकडे बघत राहिली. तिचा खालचा ओठ दाताखाली पांढरा पडला होता. पोरगी जीव गेला तरी सांगणार नाही हे मला दिसत होतं, आणि हेही दिसत होतं की ते थांबणार नाहीत.

"मी दिलं," मिस ओर्लीन बाकावरून उठल्या. "आत शिक्का माझाच आहे. तिला उभं करू नका, मला करा."

ब्रदर डेनव्हरांनी मान खाली घातली. मग केझायाचा हात धरून तो पिंपावर नेला. फीत आधी पेटली.

बाईंना शाळेनं त्या आठवड्यातच कामावरून काढलं. त्या गाव सोडून जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले, कबूल करायचं म्हणून. त्या खोकी बांधत होत्या. "लॅव्होनला कसं कळलं असेल गं?" त्यांनीच विचारलं, आणि माझ्याकडे सरळ बघून पुन्हा दोरीला गाठ मारायला लागल्या. मी गाठीवर बोट धरून दिलं. मी भित्री आहे, दुसरं काय!

मी निघताना त्या म्हणाल्या, "तिची तीस पानं राहिलीत. मला तिच्याजवळ जाऊ देणार नाहीत. तुझ्याकडे ती रोज ताट घेऊन येते. शेवट सांगते तुला, तो तिला सांग." आणि खोक्यावर बसून त्यांनी मला सगळा शेवट सांगितला. मी दोनदा म्हणून दाखवला, चूक व्हायला नको म्हणून.

सोमवारी केझाया रांगेत आली. मी तिच्या ताटात बटाटे वाढले आणि वाकून हळूच म्हणाले, "बाळा, मिस ओर्लीननी तुझ्यासाठी निरोप दिलाय. गोष्टीचा शेवट."

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मी सोसला असता. तिनं मागे कोण उभं आहे ते आधी बघून घेतलं, मोठ्या माणसासारखं.

"नको, मिस ड्रेमा," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलेलं आमच्या घरी येतं."

ताट उचलून ती गेली. मिठाच्या बाटल्या आता मला महिनामहिना भराव्या लागत नाहीत.