चुलीवर टांगलेली नाचणी

आमच्या घरचा वडा तळहाताएवढा असे. नाचणीचं पीठ, उकडून ठेचलेले कुळीथ, किसलेला कंद आणि मीठ. आई तो पानावर थापायची, मातीच्या तव्यावर भाजायची, आणि सोबत तांबड्या मुंग्यांची चटणी द्यायची. असे दोन वडे खाऊन कुंभारवाड्याकडच्या रानात माणसं दुपारपर्यंत कुऱ्हाड चालवीत. त्यात सत्त्व किती, असं तेव्हा कुणी विचारीत नसे.

मग सरकारनं कुमरी बंद केली. उतारावरची झाडी तोडायची, जाळायची आणि राखेत नाचणी पेरायची, ही आमची कुमरी, ही आमची शेती. तिला रानाची नासाडी म्हणायचं आणि त्याच रानातला साग गाड्या भरभरून बाहेर न्यायचा, यातली लबाडी मला आजही सहन होत नाही. तेव्हा मी घरात येऊन यावर तावातावानं बोलायचो. आई म्हणायची, ओरडून नाचणी उगवत न्हाई.

वडा मात्र आईनं बंद केला नाही. नाचणी संपली तेव्हा तिनं भाताचा कोंडा घातला. कुळीथ मिळेनासे झाले तेव्हा रानातल्या भेरल्या माडाचा गाभा कुटून त्याचं पीठ मिसळलं. आकार तोच ठेवला. पै-पाहुण्यासमोर लहान वडा ठेवायची तिला लाज वाटायची. चटणी तेवढी दरवर्षी तिखट होत गेली. खाऊन डोळ्यांत पाणी यायचं, वर तांब्याभर पाणी ढोसलं की पोट भरल्यासारखं वाटायचं.

अशा दिवसांत आक्का बाळंतपणाला माहेरी आली. मी कॅसलरॉक स्टेशनाच्या मालधक्क्यावर हमाली करीत होतो, आणि गाडीनं आहारावरची पत्रकं यायची ती गावोगाव वाटीत होतो. मांस, दूध, कडधान्य यांनी शरीर बांधलं जातं, चटण्या-लोणची म्हणजे जिभेचे चोचले, असं त्यांत छापलेलं असे. आक्काला मुलगा झाला त्यानंतर मी घरी गेलो आणि तिच्या अंथरुणाशी बसून सगळं पत्रक मोठ्यानं वाचलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तम्मा, कागद झ्याक हाय तुजा," ती म्हणाली. धाकटा म्हणून ती मला तम्माच म्हणायची. "आता त्याला जरा मीठ लाव आन् तव्यावर टाक."

तिचे पाय सुजले होते. अंगावर दूध नव्हतं. पोर रडून दमलं की शेजारची एक लेकुरवाळी येऊन त्याला पाजून जाई. आई आक्काला वेळेवर वडा देत होती, पण त्या वड्यात आता नुसता गाभा आणि कोंडा होता.

स्टेशनावरच्या खानसाम्याला विनवून मी एकदा साहेबलोकांचं कटलेट आणलं. खिम्याची चपटी वडी, पावाच्या दोन तुकड्यांत, वर बाटलीतला सॉस. आईनं ते चुलीपाशी येऊ दिलं नाही, पडवीत बसून खायला सांगितलं. आक्कानं खाल्लं. मांस चांगलं होतं म्हणाली. सॉस बोटावर घेऊन चाटला आणि विचारलं, गोड चटणी कसली रे ही, साहेबांच्या घरात मिरची न्हाई काय? त्या संध्याकाळी तिला जरा तरतरी आली होती. पण हमालाला रोज कटलेट कोण देतो?

आणि घरात नाचणी होती. चुलीच्या वर, धुरात, वाळक्या भोपळ्यात आईनं बियाणं टांगून ठेवलं होतं. मी ते काढायला हात वर केला. आईनं माझं मनगट धरलं.

"बी खातंय व्हय कुणी? कुमरी उघडली म्हंजे काय पेरायचं?"

"कुमरी उघडायची न्हाई, आये. कधीच न्हाई."

आईनं मनगट सोडलं नाही. बोलली ती आक्का, भिंतीकडं तोंड करून.

"ऱ्हाऊ दे तम्मा. माज्या पोराला पेरायला लागंल."

मी हात खाली घेतला. भोपळा तसाच टांगलेला राहिला. उन्हाळा सरता सरता आक्का गेली.

बाराव्याच्या सकाळी आई पाटावर चढली आणि तिनं भोपळा खाली काढला. जात्यावर बसली. कुळीथ तिनं कुठून मागून आणले ठाऊक नाही. वडे थापले, भाजले, पहिला आक्काच्या पानावर ठेवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच जितेपणी का नाही दिलंस, असं मी तिला सगळ्या भावकीसमोर विचारलं.

आई पानाकडंच बघत होती. "त्या वक्ताला कळलं न्हाई रे," ती म्हणाली. "आता तिला खोटा वडा कसा ठेवू?"

उरलेले वडे आम्हांला वाढले. चटणी तिनं केली नव्हती, कुणी मागितलीही नाही. मी दोन खाल्ले. पोटात जड वाटले, आणि सांज झाली तरी भूक लागली नाही. ही भरल्या पोटाची जाणीव मी विसरूनच गेलो होतो.

पानं उचलल्यावर आईनं जात्याशेजारच्या सुपातली मूठभर न दळलेली नाचणी परत भोपळ्यात घातली, तोंड चिंधीनं बांधलं आणि मला तो वर टांगायला सांगितला. कुमरी अजून बंद आहे. पोर शेजारणीच्या दुधावर वाढतं आहे. भोपळा मी टांगला.