मायाक्काची हाक

मायाक्काचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. सांगोल्याकडचं रान वाळलं की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं आणि मोडनिंबच्या शिवारात पाल ठोकायचं. नवरा गेला तरी तिनं ती वाट सोडली नाही.

यंदा मात्र मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीची आवई उठली होती. त्या सकाळी लेक आणि सून मेंढरं घेऊन लांब गेलेली. पालावर मायाक्का आणि घाऱ्या डोळ्यांची, गोरीपान नात आरोही, एवढ्याच दोघी. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी त्यांचा फोटो काढून मोबाईलवर फिरवला आणि बघता बघता काठ्या घेऊन माणसं गोळा झाली.

"पोरगी कुणाची?" सगळ्यांत पुढं असलेल्या श्रीमंतनं दरडावलं.

"माज्या लेकाची हाय की."

"खोटं! तू अशी काळी, ही गोरी कशी?"

एकानं चुलीवरचं भगुणं लाथाडलं. दुसऱ्यानं पोरीचा दंड धरून ओढला. पळावं तर चहूकडं माणसंच. मायाक्कानं नातीला पोटाशी कवटाळलं, मटकन खाली बसली आणि डोळे मिटले.

"बिरोबा, माजं काय बी होऊ दे, लेकराला राख! दया कर रं देवा!"

आधी ओठांतल्या ओठांत, मग मोठ्यानं, मग पांगलेल्या मेंढरांना साद घालावी तशा खड्या आवाजात.

ओढ्यापलीकडं भांगलणाऱ्या मथुराबाईच्या कानी ती हाक गेली. पाल ठोकलेलं रान तिचंच होतं. खुरपं हातात तसंच घेऊन ती धावत आली, गर्दी फोडून आत शिरली आणि मायाक्काच्या पुढं उभी ठाकली.

"मुडद्यांनो, हात तर लावून बघा! हिची सून माज्या ओसरीवर बाळंत झालीया. ही पोर पयल्यांदा मी हातात घेतलीया. आणि श्रीमंत, सख्ख्या चुलतीच्या रानात काठी घिऊन येतोस व्हय रं?"

काठ्या आपोआप खाली आल्या. मागची माणसं हळूच पाय काढू लागली.

"थांबा!" मायाक्का उठली. "आता कुटं निघालात? पोलिसांस्नी मीच बोलवनार हाय."

मथुराबाईनं खुरपं रोखून कुणाला हलू दिलं नाही. पोलीस आले तेव्हा तिनं एकेकाकडं बोट दाखवून सगळं सांगितलं. आवाज जरासुद्धा कापला नाही. श्रीमंत हात जोडून पुढं आला.

"मावशी, चुकलो. माफ करा."

"माफी पोरीची माग. लई भ्यालीया ती."

जमलेल्या गावासमोर तो आरोहीपुढं गुडघ्यांवर बसला.

संध्याकाळी मेंढरं परतली. मायाक्कानं मूठभर भंडारा मथुराबाईच्या कपाळी फासला, उरलेला आभाळात उधळला आणि आरोळी दिली, "बिरोबाच्या नावानं!"

गावातून आलेल्या बायांनी एका सुरात उत्तर दिलं, "चांगभलं!"