खालानं सांगितलेला शेवट

उदगीर स्टेशनवर मला सोडायला माय एकटीच आली होती. नर्सिंग शिकायला पोरीनं हैदराबादला कशाला जायचं, हा आप्पांचा हेका, म्हणून ते घरीच बसले. गाडी हलली तशी माय खिडकीबरोबर चालत म्हणाली, "जा तू. शिनिमातली पोरगी गेली अन् आली का न्हाई परत? बापानंच दार उघडलं तिला."

तुम्ही गावी राहिलेले आणि माझ्यासारखे पार लांब जाऊन बसलेले, दोघंही हसाल मला. पण माझं हैदराबाद, नंतरचं डब्लिन, वॉर्ड, ड्यूट्यांचा रोटा, डे-ऑफची लाँड्री, हे सगळं त्या एका सिनेमाच्या शेवटावर उभं आहे. मायनं तोच सांगून आप्पांशी भांडण केलं आणि मला पाठवलं. आणि गंमत म्हणजे तो शेवट त्या सिनेमात नाहीच.

मागच्या हिवाळ्यात तो जुना सिनेमा मला लॅपटॉपवर सापडला. कुकर लावला आणि बघत बसले. बापाचा विरोध, पोरीचं शहरात जाणं, आगलाव्या मामा, सगळं मायनं सांगितलं तसंच. शेवटी पोरगी परत येते, दार वाजवते, आणि बाप कडी काढतच नाही. ती बॅग उचलून स्टेशनकडं चालू लागते. संपलं. मी मागं जाऊन पुन्हा बघितलं. म्हटलं, मायनं मग बघितलं तरी काय?

तिला फोनवर आडून विचारलं. ती म्हणाली, शेवट कुठं बघितला होता आम्ही, तो टॉकीजवरच्या खालानं सांगितला. तू आलीस की टीव्हीवर लाव, तेवढा डोळ्यानं बघायचा राहिलाय. झाली का पंचाईत! आप्पांना सांगून सांगून जो शेवट तिनं स्वतःचा केला, तोच खोटा निघाल्यावर तिला काय वाटेल, याची मला लई धास्ती वाटली. पण ही खाला कोण, हेही डोक्यातून जाईना.

सुट्टीत आले आणि आधी उदगीरला गेले. धान्याच्या मोंढ्यामागचं ते पत्र्याचं टॉकीज आता तुरीच्या पोत्यांचं गोडाऊन आहे. फरशी अजून पडद्याकडं उतरती, म्हणून हमाल पोत्यांच्या थप्पीला खालून विटा लावतात. मागच्या बाजूला बायकांची जागा होती. तिला सगळे जनानाच म्हणायचे. पुढं कापडी आडोसा असायचा आणि दिवे मालवले की तो सरकवायचे. तिथल्या दारावर रझियाखाला, सगळ्या बायकांची मावशी, असायची. मागच्याच गल्लीत तिचं घर निघालं. भेटली, चांगली खडखडीत.

तिच्याकडून इतिहास कळला. बाजारच्या दिवशी खेड्यांतल्या बायका उदगीरला यायच्या, पण आमच्या मुखेडकडची एसटी दुपारचा खेळ सुटायच्या आधीच निघायची. बायका येईनात. मग मालकानं टांग्यातून भोंगा फिरवला, की आमची बाई तुमच्या बायकांना वेळेत उठवेल आणि स्वतः एसटीत बसवून देईल. घरचे तयार झाले, जनाना भरला. शेवट जवळ आला की खाला खांद्यांना हात लावत फिरायची. स्टँडपर्यंत चालता चालता उरलेली गोष्ट सांगायची.

"पण तुम्ही सांगितला तसा शेवट नाही त्यात," मी म्हटलं.

खाला माझ्याकडं बघतच राहिली. "मैं कां देखी, बेटा? मी कुठं बघितला शेवट? बायांना बसमध्ये बसवून मी सीधी घरी जायची, लेकरं वाट बघत असायची."

शेवट काय झाला म्हणून मग तिनंच मला विचारलं. सांगितला, तर तिला तो मुळीच पटला नाही. असं सांगितलं असतं तर एक तरी बाई पुढच्या बाजाराला आली असती का, म्हणाली.

घरी मायनं टीव्हीपुढं सतरंजी टाकूनच ठेवली होती. टाळायला बघितलं, पण ती ऐकेना. आप्पाही बाजेवर येऊन बसले. दार वाजलं, कडी निघेना, पोरगी वळली. मायचा चेहरा उतरला. "खालानं तर..." ती म्हणाली. मी खालाचं सगळं सांगून टाकलं.

चिडले ते आप्पा. "ह्यो कसला बाप म्हणावा? दार उघडायला काय लागतं ह्याला?"

मी चाटच पडले. मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "तू पहिल्यांदा सुट्टीला आलतीस, तवा दार कुणी उघडलं?"

"तुम्ही."

"अन् काय म्हणलो?"

"हातपाय धू, ताट वाढलंय म्हणालात."

"मला कुठं ठाव होतं काय बोलावं ते. तू गेल्यापासून एक शब्द न्हाई बोललेलो तुझ्यासंग. शिनिमातल्या बापानं काय केलं, काय म्हणला ते तुझ्या मायनं सांगून ठेवलं होतं. तसंच केलं म्या."

माय पदरानं डोळे पुसत हसायला लागली. मलाही रडू आवरेना.

घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला आता सांगता येतं. खालानं रस्त्यानं चालता चालता रचलं, मायनं खरं मानलं आणि आप्पांनी करून दाखवलं, ते.