गोळी दुखण्यासाठी असते

पुडी बांधून झाली तरी सिस्टरबाई ती लगेच देत नसत. मुठीत धरून ठेवत आणि खिडकीबाहेरच्या माणसाला म्हणत, "आता तू सांग."

"काय सांगू?"

"मी काय सांगितलं ते."

माणूस डोकं खाजवायचा. "सकाळी येक, रातच्याला येक."

"किती दिवस?"

"बरं वाटंस्तवर."

"चूक. पाच दिवस. पुढं?"

मागची रांग कुरकुरायची, पाळीचा भोंगा व्हायचा, पण बाई ढिम्म. दारू प्यायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही, गुंगी येते म्हणून यंत्राजवळ जायचं नाही, हे सगळं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मूठ उघडत नसे.

बेलापूरच्या बाजूला एका साखर कारखान्यात मी टाइमकीपर होतो तेव्हाची, एकाहत्तर-बहात्तरच्या गळीत हंगामाची ही गोष्ट. कारखान्याचं नाव सांगत नाही. कारखान्याचा दवाखाना म्हणजे टाइम ऑफिसला लागून दोन खोल्या. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत आणि चिठ्ठ्या लिहून जात. बाकीचे पाच दिवस सिस्टरबाईंचे. नगरच्या मिशन दवाखान्यात शिकलेल्या, पन्नाशीच्या, विधवा. पांढरं लुगडं, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि चाल अशी, की बरोबर जाणाऱ्याला धाप लागावी.

पोती उचलून, मोळ्या ओढून माणसांच्या कमरा धरत, माना आखडत. त्यासाठी डॉक्टर आखडलेले स्नायू सैल करणारी गोळी लिहून देत. या गोळीवर बाईंचा फार कडक पहारा होता. "गोळी दुखण्यासाठी असते, कामासाठी नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गोळी घ्या, गरम पाण्यानं शेका, पडून राहा, आणि पाच दिवसांत उतार नाही पडला तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा.

एकदा चेअरमनचे मेव्हणे मान वाकडी करून जीपमधून आले. पहिली गोळी त्यांनी तिथंच पाण्याबरोबर घेतली. बाईंनी विचारलं, "गाडी कोण चालवणार?"

"मीच. का?"

"मग किल्ली द्या."

किल्ली बाईंच्या खणात गेली आणि मेव्हणेसाहेब उसाच्या रिकाम्या बैलगाडीत बसून, मान तशीच वाकडी ठेवून घरी गेले. आठवडाभर कारखाना हसत होता.

मलाही त्यांनी सोडलं नाही. माझी कंबर धरली होती. पाच दिवसांत मोकळी झाली. सहाव्या दिवशी मी पुन्हा खिडकीशी.

"कंबर दुखते?"

"नाही. पण झोप फार छान लागते हो त्या गोळीनं."

"टाइमकीपर," त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, की अख्ख्या रांगेनं ऐकलं, "झोपेची सवय आईनं लावली तेवढी पुरे. गोळीची लावून घेऊ नका." मी मुकाट्यानं मागं फिरलो.

पोत्यांच्या गोदामात गेनभाऊ नावाचे एक हमाल होते. पंचेचाळिशीचे, सरळ, फार न बोलणारे. थप्पीवर पोतं चढवताना त्यांच्या पाठीत उसण भरली. बाईंनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, डॉक्टरांनी पाच दिवसांचा आराम लिहिला. पण त्या दिवसांत माणसं कमी होती आणि पाळीच्या साहेबांना गाळप एक तासही थांबलेलं चालत नव्हतं. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "ओझं उचलू नको म्हटलंय ना? मग गव्हाणीवर उभा राहा."

गव्हाण म्हणजे ऊस आत नेणारा सरकता पट्टा. पुढं ऊस चिरडणारे चरक. अडकलेला ऊस आकडा घालून मोकळा करायचा. एक पाय घसरला की संपलं. तिथं त्यांनी गुंगीतल्या माणसाला उभं केलं!

बाईंना कळलं तेव्हा त्या खिडकी उघडी टाकून निघाल्या. मीही मागोमाग गेलो. लोखंडी जिना चढून त्या वर गेल्या, गेनभाऊंच्या हातातला आकडा काढून घेतला आणि त्यांना हाताला धरून खाली उतरवलं.

साहेब धावत आले. "बाई, तुम्ही दवाखान्यात बसा."

"बसते की. पण याला कुठं बसवलंय ते आधी बघा! माणूस आत गेला असता तर काय सांगितलं असतं याच्या बायकोला? साखर किती पडली ते?"

साहेबांनी दुसरी वाट काढली. बाजारातल्या एका दुकानातून त्याच गोळ्या बिनचिठ्ठीच्या आणवल्या आणि टेबलाच्या खणात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. कुणी कमरेवर हात ठेवला की एक गोळी, आणि चल कामावर. ते टेबल माझ्या टेबलाशेजारीच होतं. खण उघडल्याचा आवाज मी रोज ऐकत होतो. गेनभाऊंना गोळी घेताना रोज पाहत होतो. तीन आठवडे. पुढं पुढं ते दोन-दोन मागायला लागले. साहेबही देत होते, घरी न्यायला कागदात बांधूनसुद्धा.

एका दुपारी गेनभाऊंची बायको सगुणा टाइम ऑफिसात पळत आली. "उठंनात वो! किती हालवलं तरी उठंनात!"

बाई आणि मी चाळीत पोचलो. गेनभाऊ बाजेवर उताणे पडले होते. तोंडाला हातभट्टीचा वास आणि श्वास इतका सावकाश, की एक संपून दुसरा येईपर्यंत आपलाच जीव घुसमटावा. बाईंनी त्यांना कुशीवर वळवलं, तोंडात बोट घालून लाळ काढली.

"किती गोळ्या घेतल्या?"

सगुणानं पदराच्या गाठीतून पुडीचा रिकामा कागद काढला. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. "म्या न्हाई मोजल्या. सायेब देत्यात त्यास्नी. बाई, गोळीच हाय ना? इख तर न्हाई?"

बाई तिच्यावर ओरडल्या नाहीत. "दारूवर घेतली की इखच होते गं," एवढंच म्हणाल्या. ऊस उतरवून निघालेला एक ट्रक त्यांनी रस्त्यात आडवं उभं राहून थांबवला. मिशन दवाखान्यापर्यंत त्या गेनभाऊंचा श्वास मोजत मागं बसून होत्या.

गेनभाऊ वाचले. मग चौकशी झाली.

मॅनेजरच्या खोलीत साहेब शांतपणे म्हणाले, "गोळी दवाखान्यातली आहे." बाईंनी रजिस्टर पुढं केलं. पाच दिवसांच्या गोळ्या, जवळजवळ महिन्यापूर्वी, त्यानंतर एकही नाही. साहेब म्हणाले, "रजिस्टर काय, बाईच लिहितात."

मॅनेजर माझ्याकडं वळले. "तुम्ही शेजारीच बसता. काही पाहिलंत?"

बाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांना खात्री होती, हे मला दिसत होतं.

मी म्हणालो, "कामाच्या गडबडीत लक्ष नव्हतं, साहेब."

बाईंना कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कारखान्याच्या फाटकासमोर एसटीची वाट बघत होत्या. शेजारी पत्र्याची ट्रंक. मी काहीतरी बोलायला गेलो, तर हात वर करून त्यांनी मला थांबवलं.

"ते राहू द्या. गेनभाऊ सोमवारी दवाखान्यातून येतील. इतके दिवस घेतल्यात म्हणून डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करायला सांगितल्यात, एकदम बंद करायच्या नाहीत. सगुणाला नीट समजावा. आणि त्यांना गव्हाणीवर चढू देऊ नका. एवढं कराल ना?"

मी मान हलवली. गाडी आली. त्या पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसल्या, त्यामुळं चेहरा दिसला नाही.

सोमवारी गेनभाऊ सगुणाबरोबर टाइम ऑफिसात आले. साहेब न बघताच म्हणाले, "गव्हाणीवर."

"नाही," मी म्हणालो. "त्यांना आराम सांगितलाय. आणि गोळ्या दवाखान्यातल्या नव्हत्या. तुमच्या खणातल्या डब्यातल्या होत्या. मी रोज पाहिल्यात."

अख्खी पाळी उभी होती. सगळ्यांनी ऐकलं. गेनभाऊ सगुणाबरोबर घरी गेले आणि दोन महिन्यांनी पाठ सरळ करून परत आले. साहेबांचं काहीही वाकडं झालं नाही. मला वजनकाट्यावर पाठवलं, इतकंच. बाई परत आल्या नाहीत. त्यांना परत बोलवा, असं मॅनेजरला कुणी म्हटलंही नाही.

मला अजून राग येतो. साहेबांचा येतोच. पण त्यांना निदान गाळप राखायचं होतं. त्या सोमवारच्या चार दिवस आधी, मॅनेजरच्या खोलीत, बाई समोर उभ्या असताना मला काय राखायचं होतं?