परंड्याची राणी

जळकोटच्या बाजारात परंड्याचा एक कापडवाला भेटला आणि म्हणाला, "मास्तर, तुमची राणी गेली की वो." ... नागआप्पा गेला होता. माझा मित्र, पस्तिशीच्या आतला, दुकानदार. महिना झाला, तरी ते वाक्य कानातून जात नाही.

निजामीतली गोष्ट, परंड्याची. बी.ए. झालेला आमच्या घरातला मी पहिला, आणि ते मी मिरवतही होतो. जुन्या कथेतल्या विधवा राणीवर मी नव्या धर्तीचं नाटक लिहिलं. पदं काढली, राणीच्या तोंडी आमच्या आया-बहिणींची बोली घातली. दिवाण राजमुद्रा मागतो, राणी देत नाही, एवढंच नाटक. आप्पा राणी, मी दिवाण. परवानगी देताना पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी बजावलं, "आखिर में मोहर दीवान के हवाले होना. नै तो सब अंदर." दरबाराला नाही म्हणणारी बाई त्यांना नको होती. आम्ही माना डोलावल्या, मी शेवट बदलला.

प्रयोगाला अमीनसाहेब पहिल्या खुर्चीवर, मागं शिपाई. शेवटच्या प्रवेशात मी हात पुढं केला. आप्पानं पितळी मुद्रा उचलली, माझ्याकडं रोखून पाहिलं आणि ती चोळीत, गळ्यातल्या लिंगाच्या वस्त्रात खोचली. मी पुटपुटलो, "आप्पा, दे की रं. घरी लेकरं हायेत तुझी."

"हात लावून बघ," तो हळूच म्हणाला.

लिंगायताच्या गळ्यातल्या लिंगाला दुसऱ्यानं शिवायचं नसतं. अख्खा मंडप हे जाणून होता. "छीन लेव, दीवान!" अमीनसाहेब उठून ओरडले. माझा हात उचलला गेला नि... तिथंच राहिला. मागून एक म्हातारा गरजला, "मास्तर, हात लावशील तर याद राख!"

पडदा पडला. आप्पाला लुगड्यासकट ठाण्यात नेलं. मारलं लई, पण गळ्याला तिथंही कुणी हात घातला नाही. सुटून लंगडत आला तेव्हा मला म्हणाला, "दिवाणजी, नाटक झ्याक हाय तुमचं. शेवट तेवढा कच्चा होता."

परवा परंड्याला गेलो. दुकानात आप्पाच्या गादीवर त्याची बायको, गंगाबाई वैनी, बसलेल्या. समोर दोन्ही दीर.

"किल्ल्या द्या, वैनी. बाईमाणसाचं काम न्हाय हे."

वैनींनी कापडाचं थान उलगडलं, मोजायला गज लावला. "भावजी, गिऱ्हाईक खोळंबलंय. बाजूला सरा."

दीर हलेनात. वैनीही गादीवरून उठल्या नाहीत. मी जोडे काढले, दिरांच्या मधून वाट काढत गादीसमोर जाऊन बसलो आणि म्हणालो, "वैनी, एक धोतरजोडी दाखवा."