घड्याळांचे विलीनीकरण

कार्तिकातल्या सकाळी ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या त्या छोट्या रुग्णालयात शिरलं की स्पिरिटच्या वासात बाहेरच्या कढईतल्या जिलेबीचा गंध मिसळलेला असे, आणि प्रयोगशाळेच्या खिडकीतून येणारं कोवळं ऊन काचेच्या नळ्यांमधल्या रक्ताला क्षणभर डाळिंबी तेज देऊन जाई. त्या उन्हात रक्त तपासत बसलेल्या वासंतीताई मला अजून दिसतात. दिसल्या की मान खाली जाते.

हरिशंकरपुरममधल्या मोठ्या रुग्णालयात हे लहान रुग्णालय विलीन होत होतं. कोण राहणार, कोण जादा ठरणार, या चिंतेचं सावट प्रत्येक चेहऱ्यावर होतं. मी मोठ्या रुग्णालयाचा संगणकवाला. दोन्हीकडच्या संगणकांनी एकच वेळ दाखवावी म्हणून पडद्याआड अखंड जागा राहणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला होता. आमच्या धंद्यात त्याला डेमन म्हणतात. नेटवर्कवरच्या अचूक घड्याळाला तो सतत वेळ विचारतो आणि आपल्याकडची दुरुस्त करतो.

पण आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी माणसांची एक जुनी खोड मी, त्यांच्यातलाच असून, विसरलो. दरबारी चाकरीला उशीर नको म्हणून पूर्वजांनी घड्याळं पुढे लावली; दरबार गेला, सवय राहिली. छावनीत तर संगणकही चांगला पाव तास पुढे. जोडणीच्या सकाळी ताईंनी एका रुग्णाचं रक्त घेतलं, नोंद केली. तेवढ्यात माझ्या प्रोग्रॅमने घड्याळ एका झटक्यात मागे ओढलं, आणि साखरेचा अहवाल, नोंदीनुसार, रक्त घेण्याच्या आधीच तयार झाला.

"मॅडम, आप तो भविष्य देखती हैं," व्यवस्थापक हसले. मग हसू ओसरलं. न तपासताच आकडे भरता, असा ठपका ठेवून चौकशी होईपर्यंत ताईंना घरी बसायला सांगितलं.

जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. "नंदूभैया, मी काय पागल आहे? खून काढायच्या आधी रिपोर्ट देईन? तूच बघ ना जरा, काय गडबड आहे ते."

बघतो म्हणालो. खरं तर मला तेव्हाच कळलं होतं. पण या फेरमांडणीत माझीही खुर्ची डळमळत होती. संध्याकाळी फूलबागेवरून घरी जाताना स्वतःला बजावायचो, उद्या सांगू. आणि तो उद्या पुढे ढकलत राहिलो. घरीसुद्धा न सांगितलेलं आज सांगतो: मी नुसता घाबरलो नव्हतो. ताईंचंच काही चुकलेलं निघालं तर बरं, असंही एकदा वाटून गेलं होतं.

शेवटी चौकशीच्या बैठकीत बोललो. कुणी ओरडलं नाही. व्यवस्थापकांनी "अब बता रहे हो?" एवढंच विचारलं.

ताई परत आल्या, आणि मी प्रोग्रॅम नव्याने लिहायला बसलो. पुढे गेलेल्या घड्याळाला मागे खेचायचं नाही. त्याची चाल कळेल न कळेल इतकी मंद करायची, प्रत्येक सेकंद किंचित लांबवायचा, आणि खरी वेळ त्याला येऊन गाठेपर्यंत थांबायचं. ही सबुरी यंत्राला शिकवताना तिची थोडीशी ओळख मला झाली.

चाचणीसाठी ताईंच्या संगणकाची वेळ मी मुद्दाम पुढे केली. परतल्यापासून त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. "रुक," त्या म्हणाल्या, आणि कुणा रुग्णाऐवजी त्यांनी स्वतःच्याच बोटाला सुई टोचली. नोंद झाली, प्रोग्रॅम सुरू झाला, यंत्र घुमलं. अहवाल आला, रक्त घेतल्याच्या नंतरचा. कापसाचा बोळा बोटावर दाबून धरत ताईंनी दोन्ही वेळा निरखून पाहिल्या.

"शुगर वाढलीय माझी," त्या म्हणाल्या. "टेन्शनने."

कशाचं टेन्शन, ते दोघांनाही ठाऊक होतं. मग त्यांनी दाराबाहेरच्या पहिल्या रुग्णाला हाक मारली आणि पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बैस. एक-दोन केसेस बघून जा."

ती माफी होती की पहारा, मला अजून उमगलेलं नाही. मी बसलो. दुपार झाली तरी त्यांनी ऊठ म्हटलं नाही.